उजेडाचा आकडा आणि त्याची अट

टॉर्च विकत घ्यायला गेले की खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ल्युमेनचा आकडा दिसतो. कुठे 2,000, कुठे 5,000, तर कुठे थेट 10,000. हा शेवटचा आकडा खरा आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. अशा टॉर्चमध्ये बहुधा 18650 आकाराचा एक लिथियम सेल असतो. त्याची क्षमता 3,000 मिलिअँपिअर-तास आणि सरासरी दाब 3.6 व्होल्ट धरला, तर त्यात साठलेली ऊर्जा होते 10.8 वॉट-तास. चांगला एलईडी जोरात चालवला तर वॉटमागे साधारण 100 ल्युमेन देतो. म्हणजे 10,000 ल्युमेनसाठी 100 वॉट लागतील, त्या एका सेलमधून 27-28 अँपिअर प्रवाह ओढावा लागेल आणि भरलेला सेल साडेसहा मिनिटांत रिकामा होईल. शिवाय त्या 100 वॉटपैकी मोठा हिस्सा उष्णता होऊन धरणाऱ्याच्या मुठीत उतरेल. शंभर ग्रॅमच्या नळीला हे झेपणारे नाही.

एवढा हिशेब दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या करता येतो. तो कुणी करत नाही, कारण तो कसा करायचा हे आपल्याला कधी कुणी सांगितलेले नाही. त्यासाठी हे पुस्तक आहे. टॉर्चमध्ये वापरले जाणारे जास्त शक्तीचे एलईडी कसे तपासायचे, एकाची दुसऱ्याशी तुलना कशी करायची आणि त्या तुलनेतून आपल्या कामाचा एलईडी कसा निवडायचा, हा त्याचा विषय. त्यामागचे सूत्र एकच आहे आणि ते पुढे पानोपानी येईल: उजेडाचा कोणताही आकडा त्याच्या अटीशिवाय वाचायचा नाही. किती प्रवाहाला, किती तापमानाला, चालू केल्यापासून किती वेळाने आणि कशाने मोजला, हे सांगितलेले नसेल, तर तो आकडा तुलनेला निरुपयोगी आहे.

हा विषय हौशी लोकांपुरता आहे, असे समजणे बरोबर नाही. महाराष्ट्रात शेतीपंपांना पाळीपाळीने रात्री वीज मिळते, तेव्हा माणसे मध्यरात्री बांधावरून पाणी धरायला जातात. ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती असते आणि पायाखाली घोणस, मण्यार, फुरसे यांची. सह्याद्रीत रात्री गड चढणारे, धुक्यात रस्ता शोधणारे बचाव पथकातले स्वयंसेवक, वीज गेल्यावर खांबावर चढणारा वायरमन, गावात घरोघर जाणारी आरोग्यसेविका, या सर्वांच्या हातात टॉर्चच असतो. पैसे देताना त्यांनी जो आकडा पाहिला तो खोटा निघाला, तर नुकसान पैशांपुरते राहत नाही. म्हणून मोजमाप शिकणे मला महत्त्वाचे वाटते आणि ते मराठीत, आपल्या कामाच्या भाषेत शिकता यावे असे वाटते.

आज आपण ज्यांची तुलना करतो ते एलईडी फार जुने नाहीत. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केला. त्यानंतर कित्येक वर्षे एलईडी म्हणजे रेडिओवरचा किंवा कॅल्क्युलेटरमधला लाल-हिरवा ठिपका. पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे अतिशय कठीण होते. जपानमध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी ती वाट मोकळी केली आणि शुजी नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत 1993 साली प्रखर निळा एलईडी बाजारात आणण्याजोगा करून दाखवला. 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना याच कामासाठी मिळाले. निळ्या चिपवर सेरियम मिसळलेल्या यट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट या पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. निचियाने 1996 साली असा पांढरा एलईडी विक्रीला आणला. आजही टॉर्चमधला जवळजवळ प्रत्येक एलईडी याच तत्त्वावर चालतो.

सुरुवातीचे पांढरे एलईडी 5 मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या बोंडात बसवलेले आणि 20 मिलिअँपिअरवर चालणारे होते. चिपची उष्णता बाहेर जायला पायाच्या दोन बारीक तारांखेरीज वाट नव्हती, म्हणून जास्त प्रवाह दिला की ते काही दिवसांतच मंद होत. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ल्युमिलेड्स कंपनीने लक्सिऑन आणला. त्यात चिपखाली धातूचा गोळा होता. उष्णतेला उतरायला वाट मिळाली आणि एका एलईडीला 350 मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे 1 वॉट देणे शक्य झाले. 2006 साली अमेरिकेतल्या क्री कंपनीचा एक्सआर-ई आला आणि टॉर्चचे जग बदलले. पुढे एक्सपी-जी आला आणि 2010 च्या अखेरीस एक्सएम-एल. त्यानंतर निचिया, ओसराम, ल्युमिनस, सॅमसंग यांचे एलईडीही टॉर्च बनवणाऱ्यांनी उचलले. क्रीने आपला एलईडी व्यवसाय 2021 मध्ये स्मार्ट ग्लोबल होल्डिंग्जला विकला, तरी ते नाव बाजारात टिकून आहे.

एक्सएम-एल इथे जरा सविस्तर पाहू, कारण तुलनेतले जवळजवळ सगळे प्रश्न या एका एलईडीत दिसतात. 5 मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी तुकड्यात सुमारे 2 मिलिमीटर बाजूची चिप, वर सिलिकोनचा पारदर्शक घुमट. कंपनीने तो 3 अँपिअरला 1,000 ल्युमेन देतो, वॉटमागे 100 ल्युमेन, असे जाहीर केले. 350 मिलिअँपिअरला मात्र वॉटमागे 160 ल्युमेन. दोन्ही आकडे एकाच एलईडीचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. प्रवाह वाढवत नेला की उजेड वाढतो, पण त्या प्रमाणात वाढत नाही. चिपमध्ये इलेक्ट्रॉनांची गर्दी झाली की त्यांतले अधिकाधिक प्रकाश न देताच ऊर्जा गमावतात. त्यामुळे ‘हा एलईडी वॉटमागे किती ल्युमेन देतो’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘किती प्रवाहाला’ हे शब्द त्यात घातले की तो पूर्ण होतो.

दुसरी अट तापमानाची. एक्सएम-एलचे आकडे चिप 25 अंश सेल्सिअसवर असताना घेतलेले होते. प्रवाहाचा क्षणभराचा झटका द्यायचा, चिप तापायच्या आत मोजायचे आणि नोंद करायची, अशी ती पद्धत. टॉर्चमधली चिप 25 अंशांवर कधीच नसते. पुढच्या एक्सएम-एल2 पासून क्रीने हे आकडे 85 अंशांवर द्यायला सुरुवात केली, कारण प्रत्यक्ष वापराला ते जवळचे आहे. 25 वरून 85 अंशांवर गेल्यावर अशा एलईडीचा उजेड सुमारे दहा टक्के घटतो. आता समजा, एकाची डेटाशीट 25 अंशांची आणि दुसऱ्याची 85 ची आहे. दोघांवर 1,000 ल्युमेन लिहिले असेल, तर प्रत्यक्षात दुसरा सरस आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त ठळक आकडे वाचणाऱ्याला हे कळणार नाही.

उष्णतेचा प्रवास नीट समजला तर अर्धी चाचणी समजली. एक्सएम-एलचा उष्णतारोध वॉटमागे 2.5 अंश आहे. त्याला 10 वॉट दिले तर एलईडीच्या बुडापेक्षा चिप सुमारे 25 अंशांनी अधिक तापते. यात आपण काही करू शकत नाही, ते कंपनीने ठरवलेले आहे. पण बुडापासून पुढचा प्रवास आपल्या हातात असतो. एलईडी ज्यावर सोल्डर करतात त्या स्वस्त अॅल्युमिनियमच्या पट्टीवर तांब्याचा पातळ थर आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक पापुद्रा असतो. तो उष्णतेलाही अडवतो. चांगल्या तांब्याच्या पट्टीवर एलईडीच्या मधल्या पॅडखालचा हा पापुद्रा काढून टाकलेला असतो. बूड थेट तांब्याला सोल्डर होते. पट्टी बदलून तोच एलईडी पुन्हा मोजला, तर कमी प्रवाहाला फरक जेमतेम जाणवतो. प्रवाह जसजसा चढतो तसतशा आलेखातल्या दोन रेषा एकमेकींपासून दूर जातात. म्हणून दोन एलईडींची तुलना करताना पट्टी एकाच प्रकारची हवी, सोल्डर सारखे हवे आणि खालचा हीटसिंकही तोच हवा. नाहीतर आपण एलईडी न मोजता पट्ट्या मोजत बसतो.

आता प्रत्यक्ष टेबलापाशी येऊ. पट्टीवर सोल्डर केलेला एलईडी पंखा लावलेल्या मोठ्या हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून स्क्रूने आवळलेला आहे. विजेचा पुरवठा स्थिर प्रवाह देणाऱ्या पॉवर सप्लायमधून येतो. एलईडीला जाणाऱ्या जाड तारांखेरीज पट्टीच्या दोन पॅडवर दोन बारीक तारा वेगळ्या जोडलेल्या आहेत आणि त्या व्होल्टमीटरला जातात. या वेगळ्या तारा नवशिक्याला अनावश्यक वाटतात. पण जाड तारांचा आणि जोडांचा रोध 20 मिलिओहम असेल, तर 5 अँपिअरला त्यातच 0.1 व्होल्ट पडतो. एलईडीचा दाब असतो 3 व्होल्टच्या आसपास. म्हणजे सप्लायच्या पडद्यावरचा दाब खरा धरला तर वॉटच्या हिशेबात तीन टक्क्यांहून अधिक चूक आधीच शिरली.

प्रवाह लावल्यावर आधी व्होल्टमीटरकडे पाहायचे. प्रवाह स्थिर असतानाही दाब हळूहळू उतरताना दिसतो: 3.12, 3.11, 3.10. चिप तापत जाते तसा तिचा दाब अंशामागे काही मिलिव्होल्टने घसरतो. म्हणजे व्होल्टमीटर इथे चिपचा तापमापकही होतो. आकडा जागेवर थांबला की चिपचे तापमान स्थिरावले. तेव्हाच प्रकाशाची नोंद घ्यायची. मग प्रवाह पुढच्या पायरीवर न्यायचा, पुन्हा थांबायचे, पुन्हा नोंद. पायरी-पायरीने वर जाताना एक जागा अशी येते की प्रवाह वाढवूनही उजेड वाढत नाही. तिच्यापलीकडे तो उलट घटू लागतो आणि रंग निळसर होत जातो, कारण अती तापलेला फॉस्फर निळ्या प्रकाशाचे पिवळ्यात रूपांतर पूर्वीइतके करू शकत नाही. अनेक चांगले एलईडी डेटाशीटमधल्या कमाल प्रवाहाच्या बरेच पुढे जाऊन या शिखराला पोचतात. काहींमध्ये त्याआधीच चिपला जोडणारी केसासारखी सोन्याची तार वितळते. हे शिखर कुठे आहे हे माहीत असावे, पण टॉर्च तिथे चालवू नये. शिखराच्या अलीकडे, जिथे रेषा वाकू लागते, तिथे थांबणे शहाणपणाचे. शेवटच्या काही टक्के उजेडासाठी त्यापुढे दुप्पट उष्णता मोजावी लागते.

प्रकाश मोजायचा कशाने? एलईडीसमोर लक्समीटर धरला तर तो एकाच दिशेचा प्रकाश मोजतो. सर्व दिशांना गेलेला एकूण प्रकाश मोजायचा तर तो गोळा करावा लागतो. त्यासाठी आतून पांढरा शुभ्र रंग दिलेला पोकळ गोल वापरतात. जर्मन अभियंता रिचर्ड उलब्रिख्त यांनी 1900 च्या सुमारास मांडलेली ही युक्ती. आत शिरलेला प्रकाश भिंतींवर इतक्या वेळा परावर्तित होतो की शेवटी सगळीकडे सारखा पसरतो. मग भिंतीच्या एका भोकातून मोजलेली प्रखरता एकूण प्रकाशाच्या प्रमाणात येते. प्रयोगशाळेत आतला लेप बेरियम सल्फेटचा असतो. हौशी माणसे थर्माकोलचे दोन पोकळ अर्धगोल जोडूनही काम भागवतात. माहीत असलेल्या दिव्याने एकदा प्रमाण ठरवले की झाले. धान्य मापायची पायली जरा लहान-मोठी असली तरी दोन पोत्यांतले कोणते भरीचे हे त्याच पायलीने अचूक कळते, तसेच हे आहे. घरच्या गोलाचा निव्वळ आकडा काही टक्क्यांनी चुकेल, पण त्याच गोलात, त्याच दिवशी मोजलेल्या दोन एलईडींमधला फरक भरवशाचा असतो.

मात्र दोन सापळे इथे सांभाळावे लागतात. गोलात काळा, जाडजूड टॉर्च घातला की तो स्वतःच काही प्रकाश गिळतो, त्यामुळे उघड्या पट्टीवरच्या एलईडीचे माप आणि पूर्ण टॉर्चचे माप थेट जुळवता येत नाही. दुसरे म्हणजे, स्वस्त लक्समीटरचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा नसतो. निळसर आणि पिवळसर उजेडाला तो वेगवेगळी चूक करतो. शीत पांढऱ्या एलईडीची उबदार पांढऱ्याशी तुलना करताना मीटरची ही खोट एलईडीच्या गुणाच्या किंवा दोषाच्या खात्यात जमा होते.

एकूण ल्युमेन कळले म्हणजे टॉर्च कळला, असे नाही. झोत किती लांब जाईल हे कँडेलावर, म्हणजे एका दिशेच्या प्रखरतेवर, ठरते, आणि कँडेला ठरतो चिपच्या दर चौरस मिलिमीटरमधून किती प्रकाश निघतो यावर. हिशेबासाठी दोन काल्पनिक एलईडी घेऊ. पहिला 4 चौरस मिलिमीटर चिपमधून 1,000 ल्युमेन देतो, दुसरा 1 चौरस मिलिमीटरमधून 500. एकूण उजेड पहिल्याचा दुप्पट. दर चौरस मिलिमीटरला मात्र पहिल्याचे 250 आणि दुसऱ्याचे 500. एकाच आकाराच्या रिफ्लेक्टरमध्ये दोन्ही बसवले, तर झोताच्या मध्याची प्रखरता दुसऱ्याची दुप्पट निघते. पहिल्यावर सिलिकोनचा घुमट असेल, तर फरक आणखी वाढतो, कारण घुमटामुळे चिप बाहेरून मोठी दिसते आणि तोच प्रकाश मोठ्या क्षेत्रातून निघाल्यासारखा होतो. ओसरामच्या 1 आणि 2 चौरस मिलिमीटरच्या, घुमट नसलेल्या सपाट एलईडींनी लांब पल्ल्याच्या टॉर्चमध्ये जागा पटकावली ती याच कारणाने. घराचे अंगण उजळायचे तर पहिला, आणि धरणाच्या पलीकडचा काठ पाहायचा तर दुसरा.

अमेरिकेत 2009 साली टॉर्चसाठी एफएल-1 हे मानक आले आणि 2019 मध्ये ते सुधारले गेले. त्यात पल्ल्याची व्याख्या अशी आहे: ज्या अंतरावर झोताची प्रखरता 0.25 लक्स उरते ते अंतर. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढी ही प्रखरता. सूत्र सोपे आहे. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की मीटरमध्ये पल्ला मिळतो. 10,000 कँडेलाचा टॉर्च 200 मीटर, 40,000 चा 400 मीटर. कँडेला चौपट झाले तेव्हा कुठे पल्ला दुप्पट झाला, हे ध्यानात ठेवावे. शिवाय 200 मीटरवर चांदण्याएवढ्या उजेडात झाड आहे की माणूस एवढेच कळते. तिथे 1 लक्स तरी उजेड हवा म्हटले तर तोच टॉर्च 100 मीटरवर थांबतो. खोक्यावरचा पल्ला निम्मा धरून चालावे, असा माझा सल्ला असतो.

रंगाकडे बहुतेक तुलनांमध्ये सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि मला हे खटकते. वस्तूंचे रंग उजेडात किती खरे दिसतात हे सांगणारा रंगनिर्देशांक आठ नमुना-रंगांच्या सरासरीवर काढतात. त्या आठांत गडद लाल नाहीच. त्याचा नववा नमुना वेगळा पाहावा लागतो. जास्त ल्युमेन देणाऱ्या अनेक शीत पांढऱ्या एलईडींचा निर्देशांक 70 च्या आसपास असतो. निचियाच्या 219 मालिकेतले काही एलईडी 90 च्या वर जातात आणि हौशी मंडळींत त्यांना मान आहे तो त्यामुळेच. या खरेपणाची किंमत ल्युमेनमध्ये मोजावी लागते. माणसाचा डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. तिथे एक वॉट प्रकाश म्हणजे 683 ल्युमेन. 650 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा एक वॉट मोजमापात जेमतेम 73 ल्युमेन भरतो. लाल रंग नीट दिसावा म्हणून फॉस्फरमध्ये लाल वाढवला की ल्युमेन घटणारच. पण वाळक्या पाचोळ्यावर पडलेली घोणस, जखमेतले रक्त, एकाच वेटोळ्यातली लाल आणि तपकिरी वायर हे ओळखायचे तर थोडे ल्युमेन सोडणे फायद्याचे ठरते. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक तक्त्यात ल्युमेनच्या शेजारी रंगाचे रकाने आहेत.

झोतात रंग सगळीकडे सारखा आहे का, हेही पाहावे लागते. क्रीच्या एक्सपी-जी3 आणि एक्सपी-एल2 या एलईडींची कार्यक्षमता उत्तम होती, पण त्यांच्या चिपच्या बाजूंनीही प्रकाश निघतो. रिफ्लेक्टरमध्ये बसवल्यावर मध्यभाग एका छटेचा आणि भोवतीचे कडे हिरवट-पिवळे दिसते. नुसत्या पट्टीवर मोजलेल्या आकड्यांतून हा दोष कधी कळला नसता. म्हणून चाचणीचा शेवटचा टप्पा नेहमी पांढऱ्या भिंतीसमोर होतो.

बॅटरी किती वेळ पुरते याचे उत्तरही एलईडीच्या त्या वाकणाऱ्या रेषेतच आहे. सुरुवातीचा 10.8 वॉट-तासांचा सेल पुन्हा घेऊ. एक्सएम-एल 10 वॉटला चालवला तर 1,000 ल्युमेन तासभर मिळतील. 1 वॉटला चालवला तर 160 च्या आसपास ल्युमेन दहा तास. सेलमधून एलईडीला प्रवाह पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधला व्यय सोडून दिला तरी दुसऱ्या रीतीने त्याच सेलमधून जवळपास दीडपट प्रकाश निघाला. पण हे तेव्हाच, जेव्हा ड्रायव्हर खरोखर कमी प्रवाह देतो. काही ड्रायव्हर उजेड कमी करायला पूर्ण प्रवाह सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करतात. चालू असण्याच्या प्रत्येक क्षणी एलईडी 3 अँपिअरलाच, म्हणजे वॉटमागे 100 ल्युमेनलाच चालतो. उजेड कमी झाला, ही जादा बचत मात्र झाली नाही. अख्खी रात्र शेतात काढायची असेल, तर उत्तम एलईडीइतकाच चांगला ड्रायव्हरही हवा.

बाजारातल्या एका प्रचलित समजुतीबद्दल इथेच लिहितो. अनेक टॉर्चवर ‘टी6 एलईडी’ असे छापलेले असते. टी6 हे कोणत्या एलईडीचे नाव नाही. तो प्रतवारीचा एक गट आहे. कारखान्यातून निघालेला प्रत्येक एलईडी थोडा वेगळा असतो, म्हणून कंपन्या त्यांची उजेड, छटा आणि दाब यांनुसार विभागणी करतात. एक्सएम-एलमध्ये 700 मिलिअँपिअरला किमान 280 ल्युमेन देणारा तो टी6, किमान 300 देणारा यू2. म्हणजे एलईडीचे पूर्ण नाव आणि गट दोन्ही कळल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. एकच नग तपासून ‘अमुक मॉडेल सरस’ असे ठरवणेही धोक्याचे आहे. दोन मॉडेलांमधला फरक दोन गटांमधल्या फरकाहून लहान असेल, तर तो फरक आहे असे म्हणता येत नाही.

टिकाऊपणाच्या आकड्यांनाही हाच नियम. खोक्यावरचे ‘50,000 तास’ कुणी बसून मोजलेले नसतात. एलएम-80 या पद्धतीनुसार एलईडी ठरावीक तापमानांना किमान 6,000 तास चालवतात आणि टीएम-21 च्या सूत्राने पुढचा अंदाज काढतात. हा अंदाज प्रत्यक्ष चाचणीच्या जास्तीत जास्त सहापट काळापर्यंतच मांडायची मुभा आहे. त्या चाचणीतला प्रवाह आणि तापमान काय होते हे पाहावे. छोट्या नळीत दुप्पट प्रवाहावर तापणाऱ्या एलईडीला ते तास लागू होत नाहीत. एफएल-1 मानकातही अशा अटी आहेत. ल्युमेन चालू केल्यापासून 30 सेकंद ते 2 मिनिटांत मोजतात आणि चालण्याचा वेळ उजेड 10 टक्क्यांवर उतरेपर्यंत धरतात. टॉर्च पाच मिनिटांनी तापून निम्म्यावर आला आणि पुढे तीन तास मंद जळत राहिला, तरी खोक्यावर सुरुवातीचे ल्युमेन आणि पूर्ण तीन तास शेजारी शेजारी छापता येतात. मानक चांगलेच आहे, त्यामुळे निदान सगळे एकाच रीतीने मोजतात. पण ते काय मोजते हे वाचकाला माहीत हवे.

पुढच्या प्रकरणांत आधी साहित्य आणि मांडणी दिली आहे, मग प्रत्येक एलईडीचे तक्ते आणि आलेख. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर एलईडीचा गट, पट्टीचा प्रकार, हीटसिंकचे तापमान, मोजण्यापूर्वी थांबण्याची रीत आणि वापरलेले मीटर यांची नोंद आहे. वाचकाने आधी ती नोंद वाचावी आणि मग आकड्यांकडे वळावे, अशी विनंती आहे. कोणताही एलईडी पहिला, दुसरा, तिसरा अशा क्रमाने लावलेला नाही. काम बदलले की क्रम बदलतो. शेतात फिरणाऱ्याला रुंद झोत, खरे रंग आणि रात्रभर पुरणारा सेल हवा. कड्यावरून दरीत शोध घेणाऱ्याला लहान चिप आणि मोठा रिफ्लेक्टर. धुक्यात प्रखर पसरट उजेड डोळ्यांवर उलटा येतो, तिथे कमी ल्युमेनचा टॉर्च अधिक दाखवतो.

ही चाचणी घरी करायला फार खर्च येत नाही. एक भरवशाचा पॉवर सप्लाय, दोन मल्टिमीटर, एक लक्समीटर, थर्माकोलचा गोल आणि थांबण्याची तयारी एवढ्यावर सुरुवात होते. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी, टॉर्च दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, गिर्यारोहण संस्थांनी ती जरूर करून पाहावी. तुमचे आकडे या पुस्तकातल्या आकड्यांशी जुळले नाहीत, तर दोघांच्या अटी शेजारी ठेवाव्यात. फरक बहुधा तिथेच सापडेल. तिथेही सापडला नाही, तर तुमची नोंद अटींसकट लिहून ठेवा, दुसऱ्याला द्या आणि त्याला पुन्हा मोजू द्या. खोक्यावरच्या छापील आकड्याला उत्तर द्यायचे तर अशा अनेक हातांनी घेतलेल्या प्रामाणिक नोंदींनीच देता येईल.